एका शहरातल्या दोन अरामी

१८३७ च्या सुमारास अमेरिकेहून निघालेला एक छापखाना काळ्या समुद्रावरच्या त्राबझोन बंदरात येऊन अडकला. पुढची वाट डोंगरातली. गाडीरस्ता नाही, माल जायचा तो घोड्या-खेचरांच्या पाठीवरून, आणि यंत्राचा लोखंडी सांगाडा कुठल्याच जनावराला पेलणारा नव्हता. तो माघारी पाठवावा लागला. १८४० च्या नोव्हेंबरात, भाग सुटे करून ओझी बांधता येतील असं दुसरं यंत्र घेऊन एडवर्ड ब्रेथ नावाचा मुद्रक इराणच्या वायव्य कोपऱ्यात, खाऱ्या सरोवराच्या पश्चिमेला वसलेल्या उर्मिया शहरात पोहोचला.

तिथे त्याची वाट पाहत होता अमेरिकन मिशनरी जस्टिन पर्किन्स. हा १८३५ पासून उर्मियात होता. पुढच्याच जानेवारीत त्याने सात मुलांची शाळा सुरू केली, पण मुलांच्या हातात द्यायला एकही पुस्तक नव्हतं. हाताने लिहिलेले तक्ते करून तो ते मुलांपुढे धरायचा. ही मुलं पूर्वेकडच्या प्राचीन चर्चची, ज्यांना युरोपीय लोक नेस्टोरियन म्हणत आणि जी माणसं आज स्वतःला अस्सिरियन म्हणवतात त्यांची. त्यांच्या देवळातली भाषा अभिजात सुरयानी. पुजारी ती वाचत, समोर बसलेल्यांना ती कळत नसे. घरात, शेतात, द्राक्षमळ्यात जे बोललं जायचं ते त्याच अरामी कुळातलं, पण इतकं पुढे सरकलेलं की दोन्हींमध्ये संस्कृत आणि मराठीइतकं अंतर पडलेलं. पर्किन्सने तक्त्यांवर लिहायला घेतलं ते हे बोलणं. उर्मियाची बोली त्याआधी कुणी फारशी लिहिलेलीच नव्हती.

पर्किन्सला पाठवणारी संस्था मराठी वाचकाला परकी नाही. बोस्टनच्या याच ‘अमेरिकन बोर्डा’चे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले होते. १८१७ पासून त्यांनी मराठी छपाई सुरू केली, १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ काढला. त्यांच्या मुंबईच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमने मराठीचे सुबक टाइप पाडले आणि त्याच्या हाताखाली कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागरचे धनी झाले. ग्रॅहमने बाळबोध अक्षरांसाठी जे केलं तेच ब्रेथने उर्मियात सुरयानी अक्षरांसाठी केलं. एकाच संस्थेच्या दोन शाखा, एकाच पिढीतलं एकच काम. दोन्ही भाषांचं पुढे जे झालं त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक छापखान्यामुळे पडला नाही.

आता ही अरामी तिथे आली कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं. इसवीसनापूर्वी हजार वर्षांच्या आगेमागे सीरियातल्या अरामी राज्यांची ही भाषा. अस्सिरियाच्या राजांनी ही राज्यं जिंकली, तिथली माणसं उचलून साम्राज्यभर वसवली, आणि जिंकलेल्यांची भाषाच जेत्यांच्या कचेऱ्यांत शिरली. पुढे इराणच्या हखामनी सम्राटांनी इजिप्तपासून सिंधूपर्यंतचा कारभार तिच्यातून चालवला. त्या कारभाराचा माग आपल्याकडेही लागतो. सोपाऱ्याला ज्या अशोकाचा लेख ब्राह्मीत कोरलेला सापडला, त्याच अशोकाने कंदाहारला आपला उपदेश ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत कोरवून घेतला. हा शिलालेख १९५८ साली उजेडात आला. त्यातल्या अरामीत इराणी शब्दांची चांगलीच भर आहे. म्हणजे शेजाऱ्याचे शब्द घरात घ्यायची या भाषेची सवय बावीसशे वर्षांहून जुनी आहे.

सातव्या शतकानंतर अरबी पसरली आणि मैदानातली, शहरातली अरामी हळूहळू आटली. उरली ती कोपऱ्याकोपऱ्यांत. दमास्कसच्या उत्तरेला डोंगरात मअलूला, बखआ आणि जुब्बअदीन ही तीन गावं. तिथे बोलणारे काही ख्रिस्ती, काही मुसलमान. आग्नेय तुर्कस्तानात तूर अब्दीनचं पठार. दक्षिण इराण-इराकच्या पाणथळ भागात मंदाई पंथाचे लोक. आणि सगळ्यांत मोठा पट्टा हक्कारीच्या डोंगरांपासून मोसुलच्या मैदानापर्यंत आणि पूर्वेला उर्मिया, सनंदजपर्यंत. अभ्यासकांनी या एका पट्ट्यात दीडशेच्या आसपास बोली मोजल्या आहेत. एका खोऱ्यातली बोली पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसाला जड जायची.

घराला अभिजात सुरयानीत बैता म्हणतात. तूर अब्दीनमध्ये त्याचं बैतो झालं, मअलूलात पैथा, उत्तर इराकातल्या बरवारच्या ख्रिस्ती गावांत बेथा, झाखोच्या ज्यूंमध्ये बेसा. आणि उर्मियात? उर्मियाचा ख्रिस्ती माणूस घराला बेता म्हणायचा आणि त्याच शहरातला ज्यू माणूस बेला. ही काही किरकोळ उच्चारातली तफावत नव्हती. एकाच बाजारात फिरणाऱ्या या दोन समाजांच्या अरामी इतक्या वेगळ्या होत्या की एकाचं बोलणं दुसऱ्याला समजत नसे. सौदा करायचा तर दोघंही तिथल्या तुर्कीचा, म्हणजे अझेरीचा, आधार घेत. सनंदजलाही हेच, इराकातल्या सुलेमानियालाही हेच. ख्रिस्ती एका वाटेने येऊन वसले, ज्यू दुसऱ्या वाटेने. सोयरिकी आपापल्या धर्मात, पूजाअर्चा वेगळी. एका आजीच्या दोन नाती शेजारी राहूनही एकमेकींना अनोळखी राहाव्यात तसं हे होतं.

कुर्दिस्तानातल्या ज्यूंची परंपरा सांगते की अस्सिरियाच्या राजांनी इस्राएलमधून पकडून नेलेल्यांचे आपण वंशज. बाराव्या शतकात स्पेनहून आलेला प्रवासी बेन्यामिन याने अमादिया गावातल्या ज्यूंबद्दल लिहून ठेवलं आहे की ते तर्गुमची, म्हणजे जुन्या अरामी बायबलची, भाषा बोलतात. बायका-मुलांना हिब्रू कळत नसे, म्हणून गुरुजी तोराचा पाठ बोलीत उलगडून सांगत आणि तो पाठ तोंडी पिढ्यान् पिढ्या उतरत जाई. सतराव्या शतकात नेरवा गावात अशी काही प्रवचनं हिब्रू लिपीत लिहिली गेली. साधारण त्याच सुमारास मोसुलजवळच्या अलकोशमध्ये ख्रिस्ती पुजारी बोलीत धार्मिक कवनं रचू लागले होते. उर्मियाचे ज्यू मात्र आपली बोली मुख्यतः तोंडीच वापरत. तिला ते ‘लिशान दीदान’, आपली भाषा, एवढंच म्हणत.

या दोन अरामींनी शेजाऱ्यांकडून काय घेतलं ते पाहण्यासारखं आहे. शब्द तर घेतलेच. ‘हर’, ‘हम’, ‘हीच’, ‘बलकी’ असे लहानसहान शब्द कुर्दी-फार्सीतून अरामी वाक्यात इतके मुरले की बोलणाऱ्याला ते परके वाटेनात; यांतले एक-दोन आपल्याही कानांना ओळखीचे आहेत. पण शब्द ही वरवरची गोष्ट. खरी देवाणघेवाण त्याखाली झाली. अझेरीत एका शब्दातले सगळे स्वर एकाच जातीचे असावे लागतात, सगळे जाड नाहीतर सगळे पातळ. अरामीत जाडपणा हा पूर्वी ठरावीक व्यंजनांचा गुण होता. उर्मियाच्या बोलीत तो व्यंजनावरून उतरून अख्ख्या शब्दावर पसरला. शब्दच जाड किंवा पातळ झाला. क आणि ग यांचे उच्चारही अझेरीच्या वळणाने टाळूकडे सरकले. सनंदजच्या ज्यूंनी तर कुर्दीतला प्रत्ययच उचलला. कुर्दीत नामाला मागे ‘अका’ लावलं की ती ठरावीक वस्तू होते. या ज्यूंच्या अरामीत बेला म्हणजे घर आणि बेलाके म्हणजे ते आपल्या बोलण्यातलं घर. क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं, कुर्दीत असतं तसं. उर्मियाच्या ज्यूंमध्येही ते शेवटी गेलं. त्याच शहरातल्या ख्रिश्चनांमध्ये कर्म बहुधा क्रियापदाच्या मागेच राहिलं. शेजारी तेच, पण प्रत्येक समाजाने आपापल्या मगदुराप्रमाणे उचललं.

मराठी माणसाला यातली एक गोष्ट चटकन कळेल, युरोपीय माणसाला ती शिकावी लागते. आपण म्हणतो ‘ती गेली’, पण ‘तिने आंबा खाल्ला’. भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद आलं की क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माकडे बघतं. इराणी भाषांच्या इतिहासातही हेच झालं. कुर्दीच्या कितीतरी बोलींत ते आजही आहे. अरामी ही सेमिटिक कुळातली, अरबी-हिब्रूची बहीण. तिच्या घराण्यात असं काही नव्हतं. तरी सुरयानी काळापासूनच ‘मी ऐकलं’ ऐवजी ‘माझ्याकडून ऐकलेलं’ अशी रचना इराणीच्या सहवासात तिच्यात दिसू लागते. पुढे या पूर्वेकडच्या बोलींनी जुना भूतकाळ टाकूनच दिला आणि या रचनेतून नवा उभारला. सुलेमानिया आणि सनंदजच्या ज्यूंच्या बोलीत तर ‘उठला-उठली’ यांसारख्या अकर्मक क्रियापदांचे प्रत्यय वेगळे आणि सकर्मकांचे वेगळे. सकर्मकात ‘त्याने’ हा अर्थ शेपटाला जोडतात आणि कर्म स्त्रीलिंगी असेल तर क्रियापदाच्या पोटात तशी खूण येते. एका सेमिटिक भाषेने आपल्या क्रियापदाची सबंध चौकटच शेजारणीच्या बेताने पुन्हा बांधली, आणि धातू मात्र तिचे स्वतःचे, तीन-तीन व्यंजनांचे, तसेच ठेवले.

याला भ्रष्ट होणं म्हणतात ते मला कधी पटलं नाही. उर्मियाच्या मिशनऱ्यांनाही ते पूर्ण पटलं नव्हतं असं त्यांच्या कामावरून दिसतं. डेव्हिड स्टॉडर्डने १८५५ साली या बोलीचं पहिलं सविस्तर व्याकरण तयार केलं तेव्हा त्याने लोकांचं बोलणंच प्रमाण मानलं. १८४६ साली नवा करार छापला तो दोन रकान्यांत, एकीकडे जुनी सुरयानी आणि शेजारी बोली. जुना करार १८५२ साली आला. लेखनात मात्र त्यांनी तडजोड केली. जुन्या शब्दातली जी अक्षरं बोलीत गळून गेली होती ती गाळली नाहीत. तशीच ठेवून वर एक तिरपी रेघ मारायची, म्हणजे वाचणाऱ्याने ते अक्षर मनात धरायचं, तोंडाने म्हणायचं नाही. ही रेघ जुन्या लिपिकांच्या वापरातली होती. त्यामुळे खेड्यातला मुलगा वाचायचा बोली, आणि त्याच्या डोळ्यांना देवळातल्या पोथीचीही ओळख राहायची. १८४९ साली ‘झहरीरे द-बहरा’, म्हणजे प्रकाशाचे किरण, हे नियतकालिक निघालं आणि १९१८ पर्यंत चाललं. त्या भागातल्या सगळ्यांत जुन्या नियतकालिकांत ते मोडतं.

योगायोग असा की ज्या १८४६ साली उर्मियात दोन रकान्यांचा नवा करार छापला गेला, त्याच साली मुंबईत बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी पेसाह सणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाला वाचायची पोथी, मराठी अर्थासह छापून निघाली. हग्गादा बहुतांशी हिब्रूत आहे, पण आरंभीचं भाकरीचं आवाहन आणि शेवटचं बकरीच्या पिल्लाचं गाणं अरामीत. बेने इस्राएलांच्या लग्नातला करारनामाही अरामीतच लिहिलेला असतो. कोकणातल्या तेल गाळणाऱ्या या कुटुंबांपर्यंत अरामी पोहोचली ती ही अशी, पोथीतून. उर्मियाच्या ज्यूंची अरामी चुलीपाशीची होती. एकाच भाषेची ही दोन टोकं एकाच साली छापखान्यांच्या आसपास होती, आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

उर्मियात पुढे मिशनांची गर्दी झाली. फ्रेंच कॅथलिक आले, त्यांनी आपला छापखाना घातला. १८८६ पासून कँटरबरीच्या आर्चबिशपांचं मिशन आलं. रशियन ऑर्थोडॉक्सही आले. प्रत्येकाची शाळा, प्रत्येकाच्या लेखनाच्या सवयी वेगळ्या. धर्माच्या ओढाताणीत चर्च फुटलं, ही या गोष्टीची काळी बाजू, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण भाषेच्या वाट्याला त्यातून संपत्ती आली. थिओडोर नोल्डेके या जर्मन पंडिताने लाइपझिगहून १८६८ साली या बोलीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. आर्थर मॅक्लीनने १८९५ साली अनेक बोलींचं मिळून व्याकरण आणि १९०१ साली कोश काढला. हा कोश चाळताना शब्दामागून शब्दापुढे तुर्की, फार्सी, अरबी, कुर्दी अशा मुळांच्या खुणा भेटतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मैदानात कोण कुणाशी काय बोलत होतं, कोण कुणाकडून काय विकत घेत होतं, याचा तो जमाखर्च आहे.

मग महायुद्ध आलं. १९१५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला रशियन फौज उर्मियातून अचानक निघून गेली आणि तुर्की फौज व तिच्याबरोबरच्या टोळ्या शिरल्या. मैदानातल्या गावांतून हजारो ख्रिस्ती धावत शहरात आले आणि अमेरिकन व फ्रेंच मिशनांच्या आवारात दाटीवाटीने कोंबले गेले. मे महिन्यापर्यंत ते तिथेच होते. विषमज्वर आणि हगवणीने हजारो माणसं त्या भिंतींच्या आत मेली. सीमेपलीकडे हक्कारीच्या डोंगरांत आणखी भीषण घडत होतं. तियारी, त्खूमा, जीलू, बाझ या टोळ्यांची गावं उद्ध्वस्त झाली आणि वाचलेले डोंगर उतरून उर्मियाच्याच आसऱ्याला आले. आपल्या या संहाराला अस्सिरियन ‘सैफो’, तलवार, म्हणतात. दियारबकिरजवळचं म्लहसो हे गाव त्यातच गेलं. तिथली अरामी नंतर मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. जर्मन अभ्यासक ओट्टो यास्ट्रोव यांनी ती टिपून घेतली, आणि तिचा अखेरचा बोलणारा १९९० च्या दशकाच्या अखेरीस वारला.

१९१८ च्या मार्चमध्ये पूर्वेकडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू मार शिमून बेन्यामिन यांना बोलणी करायला बोलावून सिमको या कुर्द सरदाराने दगाफटक्याने मारलं. उन्हाळ्यात उर्मिया पडलं. सबंध ख्रिस्ती समाज, उर्मियाचे आणि हक्कारीचे, पायी, बैलगाड्यांतून, गुरांसह दक्षिणेला हमदानकडे निघाला, कारण तिथे इंग्रज होते. वाटेत हल्ले, ऊन, पटकी. अमेरिकन मिशनचे प्रमुख विल्यम शेड त्याच वाटेवर पटकीने गेले. मिशनच्या संग्रहातली सुरयानी हस्तलिखितं त्या धामधुमीत नाहीशी झाली. छापखाना थांबला.

जे वाचले त्यांना इंग्रजांनी बगदादच्या उत्तरेला बकुबाच्या छावणीत तंबूंत ठेवलं. मला या सगळ्या इतिहासात बकुबा फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बोली शेकडो वर्षं आपापल्या खोऱ्यांत नांदल्या, त्या इथे तंबूला तंबू लागून आल्या. पाण्याच्या रांगेत त्खूमाची बाई आणि उर्मियाची बाई शेजारी. उर्मियावाल्यांकडे लेखन होतं, शाळा शिकलेली माणसं होती. डोंगरातल्यांकडे संख्या होती. त्या छावणीत आणि नंतर इराकच्या शहरांत, हब्बानियाच्या लष्करी तळावर, बगदादच्या वस्त्यांत एक मधली अरामी घडत गेली, जी कुणाच्याच गावची नव्हती आणि सगळ्यांना कळत होती. आज शिकागोत किंवा सिडनीत ऐकू येते ती बहुतेक हीच. १९३३ च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्याने सिमेले आणि आसपासच्या गावांत अस्सिरियनांची कत्तल केली. त्यानंतर अनेक कुटुंबं सीमा ओलांडून सीरियात खाबूर नदीकाठी गेली. तिथे त्यांनी टोळीगणिक वेगळं गाव वसवलं, तेव्हा बोलीही वेगवेगळ्या राहिल्या. गाव राहिलं की बोली राहते, हे खाबूरने ऐंशी वर्षं दाखवून दिलं. २०१५ च्या फेब्रुवारीत आयसिसने ती गावं लुटली, दोनशेहून अधिक माणसं पळवून नेली, आणि त्यानंतर बहुतेक घरं रिकामी झाली.

उर्मियाच्या ज्यूंचीही त्या वर्षांत होरपळ झाली, पण त्यांची वस्ती आणखी काही काळ टिकली. त्यांच्या भाषेला निरोप मिळाला तो तलवारीने नव्हे, विमानाने. १९५०-५१ मध्ये इराकमधून सुमारे १ लाख २० हजार ज्यू इस्राएलला गेले. त्यांत कुर्दिस्तानातली गावंच्या गावं होती. इराणकडचे ज्यूही याच काळात आणि पुढे निघाले. नव्या देशात सगळ्यांनी हिब्रू बोलायचं होतं. खाबूरवर गावाला गाव उभं राहिलं तसं इथे झालं नाही. माणसं सरकारी वसाहतींत विखुरली, शाळेत मुलं हिब्रूत बोलू लागली, आणि कुर्दिस्तानचे ज्यू म्हणजे गावंढळ असा शिक्का बसल्यावर आईबापांनीही घरात अरामी आवरती घेतली. झाखोत १९३८ साली जन्मलेले योना सबार १९५१ मध्ये असेच आले. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २००२ साली त्यांनी ज्यूंच्या अरामीचा कोश प्रसिद्ध केला. त्यांचा मुलगा एरियल याने वडिलांची ही गोष्ट २००८ मध्ये पुस्तकरूपाने सांगितली. घरात मुलाशी बापाची भाषा अर्थातच इंग्रजी होती.

मला सांगायचं आहे ते इथे येऊन थांबतं. अडीच हजारांहून अधिक वर्षं अक्कदी, इराणी, अरबी, कुर्दी, तुर्की यांच्यात राहून, त्यांच्याकडून स्वर, प्रत्यय, क्रियापदाची चौकट सगळं घेऊनही अरामी अरामीच राहिली. ती धोक्यात आली ती उसनवारीने नाही. उसनवारी करायला ज्या शेजाऱ्यांच्या अंगणात जायचं, ते अंगण आणि आपलं घर दोन्ही एका दमात सुटलं तेव्हा ती धोक्यात आली. पुढच्या काळात अस्सिरियन विद्वानांनी तुर्की-कुर्दी शब्द वेचून काढून त्यांच्या जागी अभिजात सुरयानी शब्द बसवायचा मोठा खटाटोप केला. ज्यांचं सगळं गेलं त्यांना आपलं म्हणून काही शुद्ध हवं असतं, हे मी समजू शकतो. तरी त्या खटाटोपात उर्मियाच्या बाजारातली कितीतरी वाक्यं लिखाणातून बाहेर पडली, याचं वाईट वाटतं. इराकी कुर्दिस्तानात १९९० च्या दशकापासून सुरयानी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथली पाठ्यपुस्तकांची भाषा बऱ्याच अंशी उर्मियाच्या लेखनपरंपरेतून आली आहे, वर अभिजात शब्दांचा थर. मूल घरी एक बोलतं, शाळेत दुसरं लिहितं. शाळा नसण्यापेक्षा हे लाखपटीने बरं.

टिपून घेणाऱ्यांनी मात्र उसनं आणि आपलं असा भेद केला नाही, म्हणून आज काही हाताशी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजचे जेफ्री खान जेरुसलेममध्ये एर्बिलहून आलेल्या एका वृद्ध ज्यू माणसाला भेटले, त्याची अरामी त्यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि तिथून त्यांच्या आयुष्याचंच काम ठरलं. एर्बिलच्या ज्यूंचं व्याकरण १९९९ साली, मोसुलजवळच्या करकोशच्या ख्रिश्चनांचं २००२ साली. २००८ साली उर्मियाच्या ज्यूंचं, त्याच वर्षी बरवारचे तीन जाड खंड. २०१६ साली उर्मियाच्या अस्सिरियनांचे चार. एका शहरातल्या दोन अरामी शेवटी एकाच माणसाच्या कपाटात शेजारी आल्या. या पुस्तकांत नुसते नियम नाहीत. द्राक्षं वाळवण्याची रीत आहे, लग्नाच्या गोष्टी आहेत, लांडग्या-कोल्ह्यांच्या कथा आहेत. करकोशच्या बोलीत खान यांना धान्याच्या कोठीला ‘बख्शिमा’ असा शब्द मिळाला. तो अक्कदीतून आलेला, म्हणजे निनेवेच्या राजांच्या काळातला, इतर कुठल्याही जिवंत भाषेत सहसा न सापडणारा. तो टिकला कारण कोठी टिकली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आयसिस आल्यावर करकोशची हजारो माणसं एका रात्रीत एर्बिलकडे पळाली. दोन वर्षांनी शहर सुटलं, काही परतले, काही ऑस्ट्रेलियात आणि युरोपात राहिले, जिथे धान्य दुकानातून पिशवीत येतं.

उर्मियाच्या बोलीचा एक धागा मात्र या सगळ्यातून वेगळा निघाला. १८२८ मध्ये रशिया आणि इराण यांच्यात तुर्कमनचायचा तह झाला, तेव्हा, म्हणजे पर्किन्स यायच्याही आधी, त्या भागातली काही अस्सिरियन कुटुंबं रशियाच्या हद्दीत जाऊन येरेव्हानजवळ वसली. अर्झनी आणि द्वीन ही त्यांची गावं आजही आहेत. खान यांनी आपल्या चार खंडांसाठी आर्मेनिया आणि जॉर्जियातल्या अशा माणसांकडूनही बरंच ऐकून घेतलं. या लोकांच्या बोलण्यात अझेरीच्या जोडीला आता आर्मेनियन आणि रशियन शब्द आहेत, १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीने त्यांच्यासाठी रोमन लिपीत पुस्तकंही काढली होती आणि १९३८ मध्ये ती बंद पाडली. गावातल्या शाळेत अस्सिरियन भाषेचा तास असतो. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, बोली चालू आहे. तरुण मुलं कामधंद्यासाठी रशियात जातात. त्यांतली किती परत येऊन घर करतात यावर पुढचं ठरणार आहे.